टीव्हीमागचा कॉम्प्युटर सुरू होईना? आधी या चुका टाळा

टीव्हीला जोडलेला मीडिया सेंटर कॉम्प्युटर वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून असतो. नीट चालतोय तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग एके संध्याकाळी घरातली सगळी सिनेमा बघायला बसतात आणि पडदा काळा. रिमोटची बटणं दाबून होतात, त्याने भागत नाही म्हणून पॉवर बटण, मग थेट प्लगच उपसला जातो. आणि रात्री उशिरा कुणीतरी ‘सगळं पुसून नव्याने टाकतो’ म्हणत पेन ड्राइव्ह घेऊन बसतं. मूळ बिघाड अनेकदा किरकोळ असतो. खरं नुकसान होतं ते या उपद्व्यापांनी.

‘सुरू होत नाही’ ही तक्रार तशी अर्धवटच. आधी वीज पोचते, मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, मेमरी आणि डिस्क तपासतं, त्यानंतर विंडोज किंवा लिनक्स उठतं, मग कोडीसारखा सिनेमे-मालिका दाखवणारा प्रोग्राम, आणि सगळ्यात शेवटी टीव्ही ते चित्र स्वीकारतो. गाडं यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलंय हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

पडदा काळा म्हणजे मशीन बंद, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. टेबलावरच्या कॉम्प्युटरला मॉनिटर कायमचा चिकटलेला असतो. इथे मध्ये टीव्ही, कधी एव्ही रिसीव्हर (चित्र आणि आवाज पुढे पाठवणारा डबा), लांबलचक एचडीएमआय केबल, असा सगळा गोतावळा असतो. त्यामुळे आधी बघायचं ते मशीन जिवंत आहे का. यूएसबी कीबोर्ड लावा आणि कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर उठलेला आहे. दिवा लागला नाही म्हणून लगेच निकाल लावू नका. राउटरच्या यादीत त्याचं नाव दिसतंय का, मोबाइलवरून कोडीचा रिमोट जोडला जातोय का, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याचं शेअर केलेलं फोल्डर उघडतंय का, हेही बघा. यातलं काहीही चाललं तर दोष चित्राच्या वाटेत आहे. अशा वेळी विंडोज नव्याने टाकलं तर फुकटची रात्र जाते.

चित्र का अडतं? कॉम्प्युटर सुरू होताना टीव्हीला विचारतो, तुला कुठली रिझोल्यूशन चालतात? टीव्ही जे उत्तर देतो त्याला ईडीआयडी म्हणतात. टीव्ही त्या क्षणी बंद असेल, रिसीव्हर दुसऱ्या इनपुटवर असेल किंवा केबल सैल असेल, तर उत्तर येत नाही किंवा अर्धवट येतं. मग ग्राफिक्स ड्रायव्हर चित्र पाठवतच नाही किंवा भलत्याच रिझोल्यूशनला पाठवतो. म्हणून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी कॉम्प्युटर असा क्रम लावून बघा. तेवढ्याने चित्र आलं तर रोग सापडला. लिबरईएलईसी (कोडी चालवण्यासाठीच बनवलेलं लिनक्स) वापरणाऱ्यांना ‘गेटईडीआयडी क्रिएट’ ही आज्ञा एकदा देऊन टीव्हीचं उत्तर साठवून ठेवता येतं. मग टीव्ही झोपलेला असला तरी काम अडत नाही.

तरीही काळंच असेल तर रिसीव्हर बाजूला ठेवा आणि आखूड केबलने थेट टीव्हीला जोडा. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायचं तर एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची क्षमता लागते. जुनी केबल किंवा टीव्हीचं चुकीचं पोर्ट असेल तर पडदा लुकलुकतो नाहीतर कोराच राहतो. काही टीव्हींमध्ये ही क्षमता प्रत्येक पोर्टला सेटिंगमधून वेगळी सुरू करावी लागते, आणि प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं वेगळं नाव दिलंय, शोधत बसा. आणखी दोन साध्या गोष्टी: वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डालाच लागलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. झाडलोट करताना ही अदलाबदल हमखास होते. रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. त्यातलं वीज जोडतात त्याच्या लगतचं आधी वापरा.

प्लग उपसणं

पॉवर बटण एकदाच हलकं दाबलं तर ऑपरेटिंग सिस्टिमला ‘आवरतं घे’ असा निरोप जातो. मिनिटभर वाट बघा. काळ्या पडद्याआडही मशीन असं नीट बंद होऊ शकतं. प्लग ओढला की अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते, आणि मेमरी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पायला तर तो हमखास भोवतो.

यातला सगळ्यात वाईट मुहूर्त म्हणजे अपडेटनंतरची पहिली सुरुवात. कोडीची नवी मोठी आवृत्ती आली की पहिल्यांदा उघडताना ती जुन्या लायब्ररीचा डेटाबेस नव्या रूपात बदलून घेते. हजारो सिनेमे-मालिका असतील तर त्यात वेळ जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं, अडकलं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात बांधून बसा.

विंडोजवाल्यांची एक वेगळी फसगत आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच जसाच्या तसा उचलला जातो, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. ‘दहादा बंद-चालू केलं तरी तेच’ असं म्हणणारे बऱ्याचदा इथे अडकलेले असतात. ‘रिस्टार्ट’ केलं की सगळं पहिल्यापासून उठतं. टीव्हीच्या कॉम्प्युटरवर हे फास्ट स्टार्टअप बंदच असलेलं बरं, असं माझं मत.

बाहेरच्या डिस्क जोडलेल्या ठेवून शोध घेणं

सिनेमांची डिस्क, बॅकअपची डिस्क, कुणाचा तरी विसरलेला पेन ड्राइव्ह, वायरलेस कीबोर्डचा डोंगल: मीडिया सेंटरच्या पाठीमागे ही जत्रा असतेच. कीबोर्ड सोडून सगळं काढा आणि सुरू करून बघा. बूटचा क्रम बदललेला असेल तर बायोस त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघतं आणि ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणून थांबतं.

लिनक्सवर उलटंही होतं, डिस्क नसली म्हणून मशीन अडतं. एफएसटॅब या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये नोंदलेली बाहेरची डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी हा लिनक्स उठवणारा प्रोग्राम साधारण ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ नावाच्या काळ्या पडद्यावर आणून सोडतं. डिस्कचा अडॅप्टर निघालेला असतो आणि माणूस सिस्टिम खराब झाली म्हणून कपाळाला हात लावून बसतो. एफएसटॅबमधल्या त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला की डिस्क नसली तरी बाकीचं मशीन उठतं. रास्पबेरी पायच्या बाबतीत पोर्टेबल डिस्क यूएसबीतूनच वीज ओढते, पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं. ते दिसलं की सॉफ्टवेअरकडे बघूच नका. अडॅप्टर बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो. मोबाइलचा कुठलाही चार्जर चालेलच असं नाही.

चुकीच्या तारखेकडे काणाडोळा करणं

कॉम्प्युटर बरेच दिवस विजेपासून तोडलेला होता आणि आता तारीख कित्येक वर्षं मागे दाखवतोय? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. नुसत्या घड्याळाचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं, पण त्याबरोबर बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर जाऊ शकतात. बूटचा क्रम बदलतो, डिस्कचा मोड (बायोस डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतं ती) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलटा जातो आणि विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहून मोकळं होतं. डिस्क धडधाकट असते. प्लग काढून सेल बदला, बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीचा करा.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल किंवा मशीन बीप-बीप करत असेल तर मेमरीच्या पट्ट्या काढून, धूळ झटकून पुन्हा घट्ट बसवा, एका वेळी एकच. मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसले तर ते तंत्रज्ञाचं काम. पॉवर सप्लायचा डबा मात्र कुणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत घातक व्होल्टेज साठून असतं.

पुरावा पुसून टाकणं

लिनक्स किंवा विंडोज उठतं पण कोडी उघडून लगेच मिटतं, अशी गत असेल तर ते काढून पुन्हा टाकण्यात फारसा अर्थ नाही. सेटिंग्जचं फोल्डर मागे राहतं आणि नवं कोडी तेच वाचतं. त्याऐवजी त्या फोल्डरचं नाव बदला. लिनक्सवर ते होम फोल्डरमध्ये ‘.कोडी’ या नावाने लपलेलं असतं. आता कोडी कोरं उघडलं तर दोष जुन्या सेटिंग्जमध्ये किंवा कोडीत वरून टाकलेल्या एखाद्या जोड-प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. २०२१ मध्ये आलेल्या कोडी १९ ने पायथन ३ ही प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती स्वीकारली तेव्हा कितीतरी जुनी अ‍ॅड-ऑन एका रात्रीत निकामी झाली होती. फोल्डर शाबूत असल्याने हवं ते परत आणता येतं. त्याआधी डिस्कवर जागा शिल्लक आहे का तेही बघा. पोस्टरांच्या थंबनेलनी छोटी एसएसडी भरून जाते, आणि जागाच नसली की प्रोग्राम काही न बोलता मिटतो.

आणि लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय केलं त्याची नोंदवही. कोडी फक्त दोन ठेवतं: चालू वेळेचा ‘कोडी.लॉग’ आणि त्याच्या आधीचा ‘कोडी.ओल्ड.लॉग’. कोसळल्यानंतर दोनदा सुरू केलंत की कोसळण्याची नोंद गेली. म्हणून पहिल्याच फटक्यात दोन्ही फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. बंद पडण्याआधी ज्या अ‍ॅड-ऑनचं नाव आलंय, ते पहिलं बंद करून बघा.

डिस्क खडखडत असेल किंवा स्मार्ट (डिस्कची स्वतःची आरोग्य-तपासणी) मध्ये ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढताना दिसत असतील तर चेकडिस्क हा विंडोजचा दुरुस्ती-प्रोग्राम चालवायची घाई नको. त्या दुरुस्तीत डिस्कवर भरपूर वाचन-लेखन होतं आणि मरायला टेकलेली डिस्क तेवढ्यानेही जाऊ शकते. आधी घरचे फोटो-व्हिडिओ दुसरीकडे काढा. सिनेमांचं काय, ते पुन्हा मिळतील.