बायोडिझेल संयंत्रासाठी पंप निवडताना या चुका टाळा

वापरलेल्या तळणाच्या तेलापासून घरच्या घरी बायोडिझेल करू पाहणारे लोक टाकी, हीटर आणि रसायनांचे प्रमाण यांचा बारकाईने विचार करतात. पंप मात्र घरात पडून असलेला पाण्याचा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक बसवतात. सुरुवातीला तेल व्यवस्थित फिरते, त्यामुळे निवड चुकल्याचे लगेच ध्यानात येत नाही.

सर्वांत गंभीर चूक मोटरच्या बाबतीत होते. बायोडिझेल करण्यासाठी तेलात मिसळावे लागणारे मिथेनॉल हे अल्कोहोल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. कार्बन ब्रश असलेल्या मोटरमध्ये सतत ठिणग्या पडतात, तर सेंट्रिफ्युगल स्विच असलेल्या मोटरमध्ये प्रत्येक वेळी सुरू होताना ठिणगी पडते. म्हणून ड्रिल मशीनवर चालणारा पंप येथे कधीही वापरू नये. फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी किंवा ज्वाला बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू न देणारी आणि बाजारात जिला एफएलपी म्हणतात, ती मोटर महाग असली तरी या कामासाठी तीच योग्य आहे. माझ्या मते पैसे वाचवायचे असतील तर ते टाकीत वाचवावेत, मोटरमध्ये नव्हे. स्विचबोर्डही संयंत्रापासून दूर, शक्यतो भिंतीच्या पलीकडे असावा आणि संयंत्राची जागा हवेशीर असावी.

दुसरी चूक पंप उंचावर बसवण्याची. विहिरीवर फूट व्हॉल्व्ह लावून पाणी वर ओढण्याची आपल्याला सवय असते, परंतु ६० अंशांना मिथेनॉलचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या ८० टक्क्यांहून अधिक होतो, त्यामुळे सक्शनला थोडा जरी ताण आला तरी पाइपातच वाफ तयार होते. पंपात खडी फिरत असल्यासारखा खडखडाट येऊ लागला आणि डिलिव्हरीची धार तुटक पडू लागली, तर बहुधा हेच घडत असते. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली ठेवावा, सक्शनचा पाइप आखूड आणि डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा घ्यावा, तेथील जाळी साफ ठेवावी आणि तापमान ५५ अंशांच्या आसपास राखावे. प्रवाह कमी करायचा असल्यास सक्शनचा नव्हे, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळावा.

पंपाच्या पाटीवरील हेड आणि लिटर हे आकडे पाण्याचे असतात. ४० अंशांना वनस्पती तेल पाण्यापेक्षा सुमारे पन्नास पट घट्ट असते. थंड तेलावर पंप सुरू केला की मोटर तापते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. मिथेनॉल घालण्यापूर्वी तेल गरम करून मगच ते फिरवावे. गिअर पंप घट्ट तेल सहज ढकलतो, मात्र डिलिव्हरी बंद राहिल्यास त्याचा दाब वाढतच जातो, म्हणून जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हशिवाय तो घेऊ नये.

शाफ्टपाशी थेंब पडू लागले तर सील तपासावे. पाण्याच्या पंपातील मेकॅनिकल सीलचे रबर बहुधा नायट्राइल असते आणि ते बायोडिझेलमध्ये फुगते. व्हिटॉन हे रबर बायोडिझेलला चांगले टिकते, पण त्याची साधी प्रत शुद्ध मिथेनॉलमध्ये फुगत असल्याने मेथॉक्साइडच्या (मिथेनॉलमध्ये अल्कली विरघळवून केलेल्या द्रावणाच्या) स्वतंत्र पंपासाठी टेफ्लॉन घ्यावे. ग्लँड आणि डोरीचा पंप थेंबथेंब गळण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे तो येथे नकोच. ॲल्युमिनियमची बॉडी आणि जीआय पाइपावरील जस्त मेथॉक्साइडमधील अल्कली खाऊन टाकते, पितळेचे भाग इंधनाचे ऑक्सिडीकरण वाढवतात, आणि पीव्हीसी पाइप ६० अंशांना मऊ पडतो. बिडाची किंवा स्टेनलेस स्टीलची बॉडी चांगली.

तयार बायोडिझेल पाण्याने धुताना हाच पंप जोरात चालवला, तर शिल्लक साबणामुळे दह्यासारखा पांढरा थर तयार होतो आणि तो सुटायला फार वेळ लागतो. पहिल्या धुलाईसाठी पंप बंद ठेवून वरून पाण्याचा हलका फवारा सोडावा, आणि तळाचे पाणी उताराने काढून घ्यावे.