मराठी शब्दकोडे रचताना आणि सोडवताना

मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासह, बसते; त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे ते अक्षर जसेच्या तसे जुळावे लागते. कोडे रचणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द आडवा घेतला, तर ‘श्व’च्या चौकटीतून ‘विश्वास’ उभा उतरत नाही, कारण तिथे ‘श्वा’ हवा. ‘अश्व’ किंवा ‘शाश्वत’ मात्र सहज बसतो. म्हणून अशी अवघड अक्षरे आधी मांडून त्यांचे छेद पक्के करावेत आणि सोपी अक्षरे शेवटी भरावीत. ऱ्हस्व-दीर्घाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण ‘कवी’मधला ‘वी’ आणि ‘कविता’मधला ‘वि’ एका चौकटीत घालणारे कोडे, माझ्या मते, छापण्याच्या लायकीचे नसते.

सोडवणाऱ्याने सूत्राचे, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या खुणेचे, व्याकरण आधी पाहावे. ‘गुपचूप निघून जाणे’ असे सूत्र आणि चार अक्षरी उत्तर असेल, तर शेवटच्या चौकटीत ‘णे’ पेन्सिलीने लिहून टाकायला हरकत नाही. उत्तर ‘सटकणे’ की ‘निसटणे’, हे मात्र सूत्रावरून ठरत नाही. उभ्या शब्दामुळे ‘ट’ दुसऱ्या चौकटीत आला तर पहिले आणि तिसऱ्या चौकटीत आला तर दुसरे.

रचणाऱ्याने अशा जोड्या मुद्दाम योजाव्यात, मात्र निर्णय करणारा उभा शब्द निःसंदिग्ध ठेवावा.