डच पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझा नवरा डच आहे, सासूबाईंच्या आग्रहाखातर मी त्यांचं घराणं शोधायला बसले आणि पहिली अडले ती आडनावावर. आपण एक आडनाव धरतो आणि मागे मागे जात राहतो, पण नेदरलँड्सच्या बऱ्याच भागात सरकारी जन्म-मृत्यू नोंदी नेपोलियनच्या काळात 1811 ला सुरू झाल्या, त्याआधी खूप जणांना कायमचं आडनावच नव्हतं. पीटरचा मुलगा यान तो यान पीटर्स, आणि यानचा मुलगा क्लास तो क्लास यान्स. आपलं मधलं नाव वडिलांचं असतं ना तसंच, फक्त त्यापुढे काही नाही. गेल्डरलंड प्रांताकडे तर घरजावई झालेला माणूस सासऱ्याच्या शेतवाडीचं नाव लावायचा, त्यामुळे सख्ख्या भावांची नावं वेगळी दिसली तरी गोंधळू नका.

नेपोलियनला चिडवायला लोकांनी विचित्र आडनावं घेतली ही गोष्ट मात्र खरी धरू नका प्लीज.

दुसरी चूक मी स्वतः केली आणि दोन महिने गेले. कॉर्नेलिस नावाच्या एका पूर्वजाच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली, आईवडील जुळले, मी पुढे निघाले. पण तो कॉर्नेलिस तान्हा असतानाच गेला होता आणि पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलं होतं! आजोबांचं नाव चालवायचंच असायचं, म्हणून हे घराघरात दिसतं. आधी दफनाच्या नोंदी बघा, आणि एकाच घरात पाठोपाठ मृत्यू दिसले तर साल बघा, आम्सटरडॅममध्ये 1663-64 ला प्लेग होता.

बायकांना नवऱ्याच्या आडनावाने शोधू नका, कागदोपत्री त्या मरेपर्यंत माहेरच्याच नावाने असतात. जुन्या नोंदींत महिन्याच्या जागी 7ber लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. झीलंड प्रांताचं काही मिळत नसेल तर त्याची राजधानी मिडलबर्ग, तिथलं बरंच दप्तर मे 1940 च्या आगीत गेलंय.

आणि 'वी वास वी' (WieWasWie) या डच पूर्वज शोधायच्या साइटवर लग्नाची नोंद मिळाली की तिथेच थांबू नका, 1811 नंतरच्या लग्नांना जोडलेले कागद मागा. त्यात नवरा-नवरीचे जन्मदाखले, वारलेल्या आईवडिलांचे मृत्यूदाखले, नवरदेवाचा लष्करभरतीचा दाखला असतो, आणि त्यावर कधीकधी उंची, नाक, डोळ्यांचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. आमच्या खापरपणजोबांचे डोळे निळे होते, ते वाचून सासूबाई कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या.