स्वतःवरून सिनेमातलं पात्र लिहायचं तर

शॉर्टफिल्म लिहायची म्हणलं की आपल्याकडं पोरं आधी स्वतःचीच गोष्ट काढतात, काढावीच, पण त्यातला हिरो बहुतेक वेळा नुसता बघत बसलेला असतो. लातूरला नीटच्या ट्यूशनला आलेला पोरगा, मेसचं पातळ वरण बघतो, झोपलेला रूममेट बघतो, खिडकीतून एसटी बघतो. आपल्याला आपलं आयुष्य असंच आठवतं ना, स्वतःचं तोंड सोडून बाकी सगळं दिसतं.

म्हणून आधी नाव बदला. स्वतःचंच नाव ठेवलं की हात आखडतो, पात्राला चोरी करायला लावायची वेळ आली की लगेच त्याची बाजू घ्यावी वाटते. मग तीन जणांच्या तोंडून त्याच्याबद्दल लिहून काढा, बाप, मेसवाली मावशी अन् ज्याचे उसने पैसे दिले नाहीत तो मित्र. मित्राचं लिहिलेलं सगळ्यात कामाला येतं. बापाचं नंतर बहुतेक काटावंच लागतं, लई कौतुक असतं नाहीतर लई राग.

आता त्याला काहीतरी पाहिजे असलं पाहिजे, तेही कॅमेऱ्यात दिसेल असं. "मोठं व्हायचंय" हे दिसत नाही. मोंढ्यात सोयाबीनचे पैसे मिळाले की बापानं मोजायच्या आधी त्यातले पाच हजार काढायचेत, हे दिसतं. खऱ्यात तुम्ही तिथं गप उभे राहिला असाल तर पात्राला हात घालू द्या, इथून पुढं ते तुमच्यापेक्षा वेगळं वागायला लागतं अन् लिहायला मजा येते.

नाव बदला म्हणलं खरं, पण हॉलिवूडचा पटकथालेखक चार्ली कॉफमन यानं 2002 च्या 'अडॅप्टेशन' सिनेमात स्वतःचंच नाव ठेवलं. फक्त सोबत डोनाल्ड नावाचा जुळा भाऊ घातला, जो खऱ्यात नाहीच, अन् पटकथेच्या श्रेयात पण त्याचं नाव टाकलं, ऑस्करच्या नामांकनात सुद्धा ते गेलं! आपल्यातला एक भित्रा अन् एक बिनधास्त असे दोघं करून एकाच खोलीत ठेवायचे, भांडण आपोआप लागतं.

भाषेचं म्हणाल तर "कामून आलास?" हे "का आलास?" करू नका. पण प्रत्येक वाक्यात गावरानपणा कोंबून कॉमेडी पण करू नका, तोच माणूस तहसीलमधल्या साहेबापुढं निराळं बोलतो अन् बांधावर निराळं, तो फरक पकडा.

नट मिळाला की त्याला "मी असा चालायचो नाही" म्हणून टोकत बसू नका. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं 1959 च्या सिनेमात स्वतःच्या लहानपणावरून अंत्वान द्वानेल हे पात्र उभं केलं, तेच पात्र ज्याँ-पिएर लेओ हा नट 1979 पर्यंत करत राहिला अन् जाता जाता त्यात लेओचाच स्वभाव उतरला. पात्राचं त्यानं भलंच झालं.

राहिले घरचे. काकाचं गाव, धंदा बदला, दोन आत्यांची एक करा, तरी ओळखणारे ओळखतातच. त्यामुळं ज्याच्याबद्दल वाईट लिहिलंय त्याला शूटिंगच्या आधीच वाचून दाखवा, स्क्रीनिंगला सगळ्या भावकीसमोर कळण्यापेक्षा बरं. तसंही शूटिंगला वाडा त्यांचाच मागावा लागणारय.