बारावीनंतर वर्षभर थांबायचं असेल तर

बारावीनंतर एक वर्ष मी घरीच होते, देवगडला आमच्या कलमांच्या बागेत. बाबांचं ऑपरेशन झालेलं आणि बाग बघायला दुसरं कोणी नव्हतं. आता दापोलीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी अ‍ॅग्री करतेय. गावातली मुलं हमखास विचारतात, "ताई, मिळालेली सीट फुडच्या वर्साक राखून ठेवतत काय गे?"

नाही ठेवत. परदेशातली बरीच विद्यापीठं अर्ज केल्यावर प्रवेश वर्षभर पुढे ढकलून देतात. आपल्याकडे कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेली सीट त्याच वर्षापुरती. सोडलीत की पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), पुन्हा नोंदणी, पुन्हा राउंड. बारावीचे मार्क चालतात, सीईटीचे नाही. मेडिकलच्या नीटचंही तसंच. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तर लागोपाठ दोनच वर्षं देता येते, म्हणून आयआयटी डोक्यात असेल तर आधी तो हिशोब करा.

प्रवेश घेऊन झाला असेल तर तो रद्द करायची शेवटची तारीख वेळापत्रकात असते. त्याआधी रद्द केलात तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून फी परत मिळते. तारीख उलटली की फी गेली. मूळ एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि मार्कशीट त्याच वेळी हातात घ्या.

खरी कसोटी वेळेची. आपल्या भागात हापूसची तोडणी ऐन भरात येते तेव्हाच सीईटी येते, एप्रिलमध्ये. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत पेट्या भरायच्या असतात, अभ्यास होतच नाही. म्हणून मी पावसाळा अभ्यासाला दिला. बेणणी, म्हणजे गवत काढणं, सोडलं तर तेव्हा बागेत फारसं काम नसतं. फिजिक्स, केमिस्ट्री गणपतीपर्यंत वाचून काढलं. मोहोर आला की फवारण्या सुरू, मग फक्त सराव पेपर. सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे वेग वाढवण्यावरच भर दिला. परीक्षेच्या दिवशी बागेत कोण थांबणार, हे काकांशी मार्चमध्येच बोलून ठेवलं होतं.

त्या वर्षाचा उपयोग मला आज वर्गात होतो. आंब्यावरची तुडतुडे ही कीड शिकवायला घेतली तेव्हा मोहोरावरचा चिकटा आणि त्यावर धरलेली काळी बुरशी मला आधीच ठाऊक होती. पण सगळे थांबतात म्हणून थांबू नका. हातात ठरलेलं काम नसेल तर ते वर्ष फार जड जातं, मुलींना जास्तच, कारण घरात लग्नाचा विषय निघतो.

प्रवेशाच्या वेळी गॅपचं शपथपत्र लागतं, मधल्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं लिहिलेलं. आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदतही बघून घ्या, ती ३१ मार्चला संपते. निकालानंतर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गर्दी उसळते, तेव्हा ही कामं त्याआधीच उरका.