इंदूरहून ओंकारेश्वर: पहाटे परिक्रमा, मग दर्शन, दुपारी ममलेश्वर

इंदूरहून निघालेली बहुतेक कुटुंबं ओंकारेश्वराला नऊ-दहाला पोचतात, दर्शनाच्या रांगेत दुपार करतात, घाईघाईनं ममलेश्वराला हात जोडतात आणि परततात. टेकडीवरची जुनी देवळं राहूनच जातात. खरं कोरीव काम तिथेच आहे. दिवसाचा क्रम उलटा केला की सगळं आरामात बसतं.

आधी दिवस निवडा. सोमवार, अमावास्या, महाशिवरात्र आणि कार्तिकी पौर्णिमा टाळा. श्रावणाचं गणित आपल्या मराठी घरांत हमखास चुकतं. इथला सावन पौर्णिमान्त, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि राखीला संपतो. राखीपासून पोळ्यापर्यंत आपला श्रावण चालूच असतो, पण इथल्यांचा भादवा लागलेला असतो. श्रावणातच जायचा नेम असेल तर हा पंधरवडा धरा, गर्दी पुष्कळ ओसरलेली असते. पोळ्याची अमावास्या मात्र सोडा.

अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. तेजाजी नगरावरून खंडवा रस्ता धरा: सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह, मग नर्मदेचा पूल ओलांडून मोरटक्का आणि तिथून डावीकडे १२ किलोमीटर. साडेचारला निघालात तर सव्वासहा-साडेसहाला पोचाल. सातनंतर निघालात तर घाटात ट्रकांच्या मागे अडकून अडीच-तीन तास सहज जातात. बसनं जायचं तर खंडव्याकडच्या गाडीनं मोरटक्क्याला उतरून पुढे सवारी रिक्षा किंवा जीप करता येते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी मोरटक्का पूल चालू आहे ना, हे फोनवर विचारून घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात पुरामुळे तो बंद ठेवावा लागला होता.

बरोबर माणशी दीड लिटर पाणी (उन्हाळ्यात दोन), दशम्या आणि कोरडी चटणी, सुटे पैसे, टोपी आणि जाड मोजे घ्या. दशमी दुधात भिजवलेली असल्यानं दिवसभर मऊ राहते. खाऊ बंद पाठपिशवीतच ठेवा. परिक्रमेच्या वाटेवर माकडं खूप आहेत आणि हातातली प्लॅस्टिकची पिशवी त्यांना लांबूनच कळते.

ओंकारेश्वराचं देऊळ नर्मदेतल्या बेटावर आहे. गाडी दक्षिण काठावर लावून पुलानं बेटावर या. बेटाची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरची आहे, थांबत गेलात तर तीन तास लागतात. ओंकारेश्वराच्या देवळाकडून पश्चिमेला निघायचं, टेकडी सतत उजव्या हाताला राहते. हीच प्रदक्षिणेची दिशा. संगमापर्यंतची वाट सोपी आहे. इथे नर्मदेला कावेरी मिळते. ही निमाडातली छोटी कावेरी, दक्षिणेतल्या कावेरीशी तिचा संबंध नाही. संगमावरच्या ऋणमुक्तेश्वराला हरभऱ्याची डाळ वाहतात. यानंतर चढ लागतो आणि दम इथेच लागतो, म्हणून पाणी संगमापर्यंत संपवू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी संगमावरूनच मागे फिरावं किंवा नावेनं यावं.

चढ संपल्यावर गौरी सोमनाथ. आत माणसापेक्षा उंच, काळं, गुळगुळीत शिवलिंग आहे. मामा-भाच्यानं मिळून कवेत घ्यायचं, अशी इथली समजूत. पुढे पूर्वेकडे सिद्धनाथ लागतं. शिखर उरलेलं नाही, त्यामुळे अनेक जण ‘पडकं देऊळ’ म्हणून बाहेरूनच पुढे जातात. तसं करू नका. गाभाऱ्याला चारी दिशांनी दारं, प्रत्येक दारापुढे खांबांचा मंडप आणि उंच जोत्याभोवती झुंजणाऱ्या हत्तींची रांग आहे. जोत्याला एक पूर्ण फेरी मारा. बरेच हत्ती भंगलेले आहेत, पण प्रत्येकाचा पवित्रा निराळा आहे. सकाळचं तिरपं ऊन असताना ते नीट उठून दिसतात. दहानंतर ऊन डोक्यावर आलं की कोरीव काम सपाट दिसू लागतं आणि दगड इतका तापतो की मोज्यांशिवाय उभं राहवत नाही. परिक्रमा पहाटे करायची ती यासाठीच.

साडेनऊ-दहाला खाली उतरून ओंकारेश्वराचं दर्शन घ्या. दुपारी बाराच्या सुमारास नैवेद्यासाठी दर्शन काही वेळ थांबतं. त्या वेळी रांगेत सापडलात तर तास-दीड तास जातो. आत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा: लिंग घडवलेलं नाही, ओबडधोबड नैसर्गिक दगड आहे, आणि ते शिखराच्या बरोबर खाली नसून बाजूला आहे. मुख्य मंडपात समोर नजर लावून बसलात तर चुकामूक होते.

आता नदीबद्दल, आणि हे मनावर घ्या. गावाच्या अगदी वर ओंकारेश्वर धरण आहे, ५२० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र त्यावर चालतं. यंत्रं सुरू झाली की उघडे पडलेले खडक बघता बघता पाण्याखाली जातात, आभाळ निरभ्र असलं तरी. एप्रिल २००५ मध्ये वरच्या अंगाला धाराजीच्या जत्रेत इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्यानं साठाहून जास्त यात्रेकरू वाहून गेले. म्हणून पात्रातल्या खडकावर फोटोसाठी जाऊ नका, घाटाच्या पायऱ्यांवरच, आधार धरून स्नान करा. धरणाचा भोंगा वाजला की कपडे-सामान गोळा करत न बसता आधी वर या. नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि भाडं बसण्यापूर्वीच ठरवा, माणशी की नावेचं, हे स्पष्ट करून.

दशम्या खाऊन एकच्या सुमारास दक्षिण काठावरच्या ममलेश्वराला या. ज्योतिर्लिंगांच्या श्लोकातल्या ‘ओंकारममलेश्वरम्’चा संधी सोडवला की ‘अमलेश्वर’ निघतो. जुनं नाव अमरेश्वर. इथे किमान एक तास द्या. मंडपाच्या भिंतींवर संस्कृत स्तोत्रं कोरलेली आहेत, त्यांत शिवमहिम्न आहे आणि लेखाचं साल १०६३. घरी महिम्न म्हणणाऱ्यांनी पोथी बरोबर न्यावी. आपल्याकडे ४३ श्लोक म्हणतात, भिंतीवर ३१ आहेत. अक्षरं वाचायची तर मोबाइलची बत्ती भिंतीला समांतर, बाजूनं धरा. समोरून धरली तर खाचा दिसत नाहीत. पाणी, खडू किंवा कुंकू भिंतीला अजिबात लावू नका. पार्थिव लिंगार्चनाची, म्हणजे मातीची शिवलिंगं करून पुजण्याची, अहिल्याबाईंच्या काळापासूनची प्रथा याच देवळाची.

बाणलिंग, म्हणजे नर्मदेतला शिवलिंग म्हणून पुजला जाणारा गुळगुळीत गोटा, घ्यायचं असेल तर हे जाणून घ्या: ज्या धावडी कुंडातले बाण प्रसिद्ध होते ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. बाजारातले गुळगुळीत बाण बहुधा बडवाहजवळच्या बकावांसारख्या गावांत यंत्रावर घासलेले असतात. पूजेला ते चालतात, पण ‘कुंडातला’ म्हणून जास्त पैसे देऊ नका.

साडेतीनला निघा, म्हणजे भेरूघाट उजेडात पार पडतो.