ए.ए.ची पहिली मीटिंग: फाटकापाशी न थांबता आत कसं जायचं

दारू सोडू पाहणाऱ्याला सल्ले देणारे मुंबईत ढिगाने भेटतात. कुणी म्हणतं माळ घाल, कुणी म्हणतं श्रावण पाळलास ना, मग पुढचे महिनेही जमतील. सगळ्यात घातक सल्ला म्हणजे 'आधी सोड, मग मीटिंगला जा.' अहो, आपली आपण सुटत असती तर मीटिंगची गरजच काय होती? अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना साथ द्यायची संघटना. तिचं सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. सकाळी हात थरथरत असतील आणि घोटभर घेतल्यावरच थांबत असतील, तर एका झटक्यात बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. केईएम, नायर, सायन, कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आधी दाखवा. पुढे मीटिंगमध्ये कुणी हौशीने 'गोळ्या बंद करा' म्हणालं तर साफ दुर्लक्ष करा.

मीटिंग शोधणं सोपं आहे. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर माहिती आणि हेल्पलाइन आहे; सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446. मुंबईत मीटिंग बऱ्याचदा चर्चच्या आवारातल्या खोल्यांत किंवा शाळांच्या वर्गांत भरतात, आणि जागा, वेळ बदलत असते, तेव्हा निघण्यापूर्वी फोन कराच. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची, 'ओपन'ला कुणीही चालतं. इंग्रजी, हिंदी, मराठी सगळे ग्रुप आहेत. मराठीच निवडा. घरी थापा मराठीत मारल्या, खरं बोलणंही त्याच भाषेत लवकर सुचतं.

आता अवघड टप्पा: घरातून किंवा ऑफिसातून निघून त्या खोलीतल्या खुर्चीवर बसेपर्यंतचा. मलाही तोच जड गेला होता, आणि नव्या माणसांना घेऊन जाताना आजही तिथेच घोळ होताना बघतो.

मीटिंग बहुतेक संध्याकाळी. नेमकी आपली 'बसायची' वेळ. लोक सांगतात, घराजवळचा ग्रुप बघा. मी म्हणतो, अंतर बघू नका, रस्ता बघा. स्टेशनबाहेर पडल्यावर नेहमीचा बार वाटेत लागत असेल, तर ती मीटिंग दोन मिनिटांवर असली तरी तुमच्यासाठी लांबच. कामावरून परतताना आपल्याच लाइनीवर, घराच्या अलीकडच्या एखाद्या स्टेशनवर उतरून जाता येईल असा ग्रुप धरा. ऑफिसातून थेट जा. 'घरी जाऊन, आंघोळ करून मग निघतो' म्हणणारा निघाला तरी मीटिंगला पोचत नाही. पोटात काहीतरी टाका. रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. वडापाव पुरतो.

मग फाटक. समोरच्या टपरीवर चहा घेत 'कोण आत जातंय ते बघू' म्हणून उभं राहायचं नाही. कुणी जातं, कुणी येतं, आठ वाजतात आणि तुम्ही परतीची लोकल पकडता. उशिरा जाऊन मागे गुपचूप बसण्याचा बेतही नको. दार उघडताच सगळ्या माना वळतात आणि पाय मागे फिरतात. उलट पंधरा मिनिटं आधी जा. तेव्हा दोघं-तिघं खुर्च्या मांडत असतात. एक खुर्ची उचला, ओळख करून द्यायचं काम संपलं. एवढंही जमणार नसेल तर हेल्पलाइनवर सरळ सांगा, 'मी पहिल्यांदा येतोय, कुणी स्टेशनवर भेटेल का?' लोक येतात. त्यांच्यासाठी ते उपकार नसतात. दुसऱ्याला हात देणं त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचाच भाग आहे.

ओळखीचं कुणी दिसलं तर? क्लोज्ड मीटिंगला तोही त्याच कामासाठी आलाय. चाळीत बातमी पसरेल म्हणत असाल, तर तुम्ही पिता ही बातमी चाळीत कधीच पोचलेली आहे.

आतलं फार सांगण्यासारखं नाही. वाचन होतं, एकेक जण आपला अनुभव सांगतो, मध्ये कुणी टोकत नाही. तुमची पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा. वर्गणीसाठी पिशवी फिरते, पहिल्या दिवशी काही टाकू नका. प्रार्थनेत देवाचं नाव येतं. पटलं नाही तर गप्प उभे राहा. प्यायलेल्या अवस्थेत पोचलात तरी परत फिरू नका, पण मग बोलायचं नाही, शांत बसून ऐकायचं. ए.ए. स्वतःची रुग्णालयं किंवा केंद्रं चालवत नाही, म्हणून त्या नावाखाली कुणी भरतीचे पैसे मागितले तर उठून निघा.

निघताना दोघांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी एक फोन लावा, काही बोलायचं नसलं तरी. ग्रुप आवडला नाही तर दुसरा बघा. एका खोलीवरून सगळ्यांची परीक्षा करू नका. गटारीच्या आणि 31 डिसेंबरच्या आठवड्यात मीटिंग चुकवू नका, दिवसाला दोन झाल्या तरी चालतील. बायकोला किंवा आईला क्लोज्ड मीटिंगच्या दाराशी ताटकळत ठेवू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत, आणि तुम्ही मीटिंगला जात नसलात तरी त्यांना तिथे जाता येतं.